साडेआठची नोंद

पहाटे ५.५०

गेटच्या कुलपाला दोन किल्ल्या. एक शिपाई मामांकडं, दुसरी प्राचार्यांच्या स्प्लेंडरच्या किल्लीला अडकवलेली. मामा सातला येतात आणि भरतीची पोरं पावणेसहालाच गेटबाहेर उभी असतात. त्यामुळं कॉलेजचं गेट रोज प्राचार्यच उघडतात.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा माण तालुका. माळावर अकरा खोल्यांचं कॉलेज. बीए आणि बीएस्सी मिळून ३८६ पोरं-पोरी. कागदावर नावापुढं ‘कायम विनाअनुदानित’ असं लिहिलेलं. म्हणजे पगारासाठी सरकारचा रुपया नाही. २००१ नंतर निघालेल्या कॉलेजांच्या वाट्याला हेच दोन शब्द आले.

मैदानावर फक्कीनं आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक. प्राचार्य सर कडेला उभे, हातात मोबाइल, त्यावर घड्याळ लावलेलं. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारले तर वीसपैकी वीस गुण. खेळाचे सर तासिकेवर आहेत, त्यांना पहाटेचे पैसे कोण देणार? म्हणून हे काम प्राचार्यांकडं.

“पाच चौतीस,” सर ओरडतात.

“काल एकेचाळीस हुतं, सर.”

“मग बरंय की. तिसऱ्या फेरीत मागं बघू नको.”

गोळे दोनच. मुलांचा सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा, मुलींचा चार किलोचा. वापरून झाले की सर दोन्ही उचलून ऑफिसच्या कपाटात ठेवतात, कपाटाला कुलूप लावतात. मागच्या वर्षी एक गोळा भंगारात गेला होता.

सकाळी ७.३०

मामांनी व्हरांडा झाडून काढलाय. बोअरची मोटर चालू करून ते टाकीकडं कान लावून उभे आहेत. पाइपातून आधी हवा येते, मग खोकल्यासारखा आवाज, मग पाणी. आज हवाच जास्त.

“ट्यांकर सांगावा लागंल, सर.”

“कितीला देतो?”

“नवशे.”

“उद्या बघू.”

श्रावण चालू आहे, तरी टँकर. इथं हे नवल नाही. माणचा खरा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. आला तर.

घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुलिंबाला तारेनं टांगलेला. मामा लोखंडी दांडक्यानं सात ठोके देतात. पण तास खरा सुरू होतो तो एसटी आल्यावर. ७.४० ची गाडी सहा गावं करून येते. ती आली की वर्ग भरतो, नाही आली की अर्धा रिकामा. वेळापत्रक विद्यापीठाच्या नियमानं बनतं, चालतं मात्र डेपोच्या मर्जीनं. आज गाडी ७.५५ ला आली. मुली पळतच आत गेल्या. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून लांबच्या वाडीतल्या चार पोरी वाढल्या, असं सर सांगतात. त्यांनी हजेरीपट घेऊन मोजलंय.

सकाळी ८.३०

यावेळी प्राचार्य कुणाला भेटत नाहीत. खिशात वही-पेन घालून इमारतीच्या मागं जातात. तिथं तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक आहे. सायमन्स पद्धतीचा, पाच इंची तोंडाचा, कडा जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर. कुंपणाचं फाटक तारेनं बांधलेलं. तार सुटली की शेळ्या आत शिरतात आणि नरसाळ्यावर अंग घासतात. एकदा कुणीतरी आत गोट्या टाकल्या होत्या.

सर गुडघ्यावर बसतात. नरसाळं काढतात. आतली बाटली बाहेर काढून काचेच्या मापात ओततात. माप डोळ्यांच्या पातळीला धरतात, मान तिरकी न करता. काल संध्याकाळी चार थेंब पडले होते. मापात तळाला नुसती ओल.

“निरंक,” ते म्हणतात. वहीत लिहितात: ०.०. एक जूनपासून बेरीज: ११८.४.

देशभर पावसाची नोंद सकाळी साडेआठलाच घेतात, म्हणून हेही साडेआठला. २००३ पासूनच्या वह्या कपाटात आहेत. महसूल मंडळात आता महावेधचं स्वयंचलित केंद्र आहे, आकडे मोबाइलवर येतात. मग हे कशाला, असं मी विचारलं.

“ते मंडळाचं. हे कॉलेजचं.”

२००३ साली सर इथं तासिकेवर लागले, भूगोलाला. तासाला चाळीस रुपये. वडील मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला उतरायचे, पावसाळ्याच्या तोंडावर परत. पोरगा साताऱ्याला शिकला, ‘कमवा आणि शिका’मध्ये. सकाळी दोन तास वसतिगृहाच्या भटारखान्यात भाकऱ्या मोजायच्या, मग कॉलेज. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज काढलं ते याच हिशेबानं: ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं श्रम भरावेत. पुढं कोल्हापूरला एमए, मग सेट, मग माणगंगेच्या खोऱ्यावर पीएचडी. चार वर्षं प्रभारी. २०१९ ला विद्यापीठाच्या निवड समितीसमोर बसून रीतसर प्राचार्य. ही नेमणूक पाच वर्षांची असते आणि फार तर आणखी एकदा मिळते. दुसरी मिळाली आहे. २०२९ ला पुन्हा भूगोलाचे सर.

सकाळी ९.१५

नियमानं प्राचार्यांना तास कमी असतात. सर आठवड्याला सहा घेतात. एक म्हणजे हौस आणि दुसरं म्हणजे सहा तासांचे नऊशे रुपये वाचतात. क्रम कुठला ते त्यांनी सांगितलं नाही.

प्रथम वर्ष बीए. पटावर ३१, समोर १९. विषय पर्जन्यछाया. फळ्यावर खडूनं एक डोंगर काढतात. डाव्या उतारावर महाबळेश्वर लिहितात, उजवीकडं लांब आपलं गाव.

“महाबळेश्वरचा जिल्हा कुठला?”

“सातारा.”

“आपला?”

“साताराच.”

“तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. आपल्याकडं पाचशेच्या आत-बाहेर. कलेक्टर एकच.”

पोरं हसतात. मागच्या बाकावरची मुलगी विचारते, मग ढग इथपर्यंत येतच नाहीत का? येतात, सर म्हणतात, हात हलवत येतात. मग खिशातली वही काढून आजचा आकडा वाचून दाखवतात. तो कुठून आला हे बघायला चार जण तास सुटल्यावर कुंपणाकडं गेले. बाकीचे कॅन्टीनकडं.

सकाळी १०.०५

आता खुर्ची. सरांच्या हाताशी तीन वस्तू कायम: शिक्का, लाल शाईचं पेन आणि पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल सहीची चावी. ही चावी सरांच्या गळ्यातल्या दोरीत असते, देवळातल्या पुजाऱ्याकडं गाभाऱ्याची असते तशी.

पोर्टल किती? मी मोजायला लागलो आणि सहावर थांबलो. प्रवेशाचं, परीक्षेचं, शिष्यवृत्तीचं, क्रेडिटचं, उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचं, नॅकचं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, दर तीन महिन्यांनी बदलायचा. ते एका जुन्या डायरीत लिहिलेले आहेत आणि डायरी गोळ्यांच्या शेजारी कुलपात. ओटीपी सरांच्या मोबाइलवर येतो. मोबाइलला रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीत. त्यामुळं दृश्य असं: क्लार्क संगणकापाशी, प्राचार्य खिडकीत हात बाहेर काढून उभे.

“आला का, सर?”

“थांब. आला. चार, सात, सात...”

“टाइमआउट झालं.”

पुन्हा.

मधे मधे सह्या. बोनाफाइड, एसटीच्या पासचे अर्ज, दाखले. जेवणापर्यंत एकसष्ट सह्या झाल्या. एका पोराच्या अर्जावर बापाच्या नावात काना राहिला होता. सरांनी सही थांबवली, स्वतः काना दिला, शेजारी छोटी सही केली. “याच्यासाठी पोरगं पुढं सहा महिने तहसीलला फिरतं,” एवढंच म्हणाले.

सकाळी ११.१०

फीची खिडकी. बीएला वर्षाला ६,९००, बीएस्सीला १३,५००. पहिला हप्ता किमान दीड हजार. नोटा बहुतेक शंभरच्या आणि घामानं मऊ झालेल्या.

एक मुलगी विचारते, “मुलींना फी माफ झाली ना? टीव्हीवर दाखवलं.” २०२४ च्या जुलैतल्या निर्णयाचं हे. क्लार्क दिवसातून चारदा तेच सांगतात: ते व्यावसायिक कोर्सला, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. बीएला नाही. मुलगी पदराखाली झाकलेल्या पाकिटाकडं, म्हणजे आईकडं बघते. आई पैसे मोजते.

मग एक बाप-लेक थेट केबिनमध्ये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा आता कॉलेजला येत नाही, सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो. त्यानं त्यातली फी कॉलेजला भरायची. पैसे पडले मार्चमध्ये. त्याच आठवड्यात आईला साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

बाप उभाच. सर म्हणतात, “बसा, आधी बसा.” मामा पाणी आणतात.

“ऑपरेशन कसलं?”

“पिशवीचं.”

“आता बऱ्या आहेत?”

“बसून भाकरी करती.”

“आज किती जमतंय?”

“पाचशे हायती.”

सर वही काढतात. पावती पाचशेची, बाकी पेन्सिलीनं. पेन का नाही, असं मी नंतर विचारलं. पेन्सिलीचं खोडता येतं, ते म्हणाले. पोराला फक्त एक प्रश्न केला: “परीक्षेचा फॉर्म भरलास?” नाही म्हणाला. “आज भर. फॉर्म फीसाठी अडत नाही इथं.”

दुपारी १२.२०

मराठीचे तरुण सर आत येतात, दार लावून घेतात. दार लावून घेतलं की विषय एकच असतो.

ते पीएचडी आहेत. तासाला दीडशे रुपये, आठवड्याला चौदा तास. म्हणजे आठवड्याला एकवीसशे. ३८ किलोमीटरवरून मोटरसायकलनं येतात. रोजचं पेट्रोल एकशे साठ. फलटणच्या एका अकॅडमीनं महिना पंधरा हजार देऊ केलेत. भरतीच्या पोरांना व्याकरण शिकवायचं.

प्राचार्य पगार वाढवू शकत नाहीत. ते कपाटातून वेळापत्रकाचा आलेख कागद काढतात. पेन्सिल, खोडरबर, पट्टी. सहा दिवसांत पसरलेले चौदा तास. सर खोडायला लागतात. गुरुवारचा इतिहास मंगळवारी, मंगळवारचं इंग्रजी शुक्रवारी. इंग्रजीच्या मॅडमना फोन: “मॅडम, शुक्रवारी शेवटचा तास चालेल का? पिल्लाला शाळेतनं कोण आणतं? सासूबाई? मग ठीक.” वीस मिनिटांत चौदा तास सोम, मंगळ, बुध या तीन दिवसांत बसले. रोज पाच, एक दिवस चार. घसा जाईल, पण आठवड्याला चारशे ऐंशीचं पेट्रोल वाचलं. महिन्याचे एकोणीसशे. आणि गुरुवार ते शनिवार अकॅडमी करता येईल, अर्ध्या पगारात का होईना.

मराठीचे सर कागदाकडं बघत राहिले. “डिसेंबरपर्यंत थांबतो,” म्हणाले.

डिसेंबर म्हणजे सत्राचा शेवट. प्राचार्यांनी तेवढंच मागितलं असतं, मला वाटतं. माणसं टिकवायची ती इथं सत्रासत्रानं टिकवायची असतात.

दुपारी १.४५

डबा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला. जेवायला बारा मिनिटं.

जेवताना विषय निघाला शेजारच्या फलटण तालुक्याचा. तिथल्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य शिवाजीराव भोसले. त्यांच्या नावाला ‘प्राचार्य’ असा चिकटला की तो हुद्दा न राहता नावाचाच भाग झाला. महाराष्ट्रभर त्यांची व्याख्यानं ऐकायला सभागृहं भरायची. वणीचे प्राचार्य राम शेवाळकर तसेच. त्या काळी प्राचार्य म्हटलं की गावाला आवाज ऐकू यायचा.

“शाळेत असताना मी भोसले सरांना ऐकलंय,” प्राचार्य चटणी पुसून घेत म्हणतात. “दीड तास. हातात कागद नाही.” मग स्वतःच्या टेबलाकडं बघतात. तिथं कागदच कागद. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

दुपारी २.३०

कोईमतूरला फोन. माण, खटाव, आटपाडी, विटा या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम. दुष्काळानं घराबाहेर काढलं, भट्टीनं पोटाला लावलं. गावात देऊळ, कमान, शाळेची खोली निघते ती पुष्कळदा त्यांच्या पैशावर.

कोईमतूरच्या पाहुण्यांना कॉलेजला कमान बांधायची आहे. वडिलांच्या नावाची. अंदाज सव्वा लाख. सरांना मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी आणि पाइपलाइन पाहिजे.

फोन स्पीकरवर आहे.

“सर, बापाचं नाव संडासावर लावू का मी?”

“नाही हो, टाकीवर लावू. लांबनं दिसतंय.”

पलीकडं शांतता. मागं भट्टीचा पंखा ऐकू येतो.

“न्हाई सर. ते न्हाई पटत.”

सर हरले असं मला वाटलं. पण त्यांनी तिसरीच गोष्ट काढली. रिकाम्या खोलीत अभ्यासिका. पंचवीस खुर्च्या, दोन लांब टेबलं, दारावर वडिलांचं नाव, आत फोटो. रात्री दहापर्यंत उघडी. दिवा चालू राहील, नाव वाचलं जाईल. कमानीखालनं माणूस नुसता जातो, इथं बसेल. खर्च पासष्ट हजार. “उरलेल्या पैशाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा,” असं म्हणून गप्प बसले. ही गप्प बसण्याची वेळ त्यांनी बरोबर साधली.

“टाकीचं करा मग. पर नाव नको.”

पैसे पोळ्यानंतर येणार. येणार म्हणजे येतील, एवढंच.

दुपारी ३.१०

रद्दीवाला आला. अंतर्गत चाचण्यांच्या जुन्या उत्तरपत्रिका, मुदत संपलेल्या. तागडीचा काटा. मामा एकेक गठ्ठा टाकतात, सर स्वतः काट्याशी उभे. १४ रुपये किलो, ३१० किलो. ४,३४० रुपये. रद्दीवाला चाळीस सोडा म्हणाला. सर नाही म्हणाले. मग त्यालाच चहा पाजला, दहा रुपयांचा.

याच वेळी नॅकचं काम बघणाऱ्या मॅडम वृक्षारोपणाचे फोटो घेऊन आल्या. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी बेंगळुरूची संस्था, १९९४ ची. सात निकष, सात फायली, शिवाय दरवर्षीचा अहवाल. फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश उमटलेले पाहिजेत. मॅडमच्या फोनचं लोकेशन बंद राहिलं होतं. झाडं लावून झाली, फोटो निकामी.

“रोपं जगली का?” सरांनी विचारलं.

“अकरा जगलीत.”

“मग त्यांना पाणी घालतानाचा काढा. सतरा अंश उत्तर, चौऱ्याहत्तर अंश पूर्व आलं का ते बघा आधी.”

मॅडम बादली घेऊन पोरांना हाका मारत गेल्या. टाकीतलं पाणी आणखी बादलीभर कमी झालं.

दुपारी ४.००

महाविद्यालय विकास समिती. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं ही आली. संस्थेचे अध्यक्ष अध्यक्षस्थानी, प्राचार्य सचिव. अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. बोलेरोतून उतरले. बारा प्लेट वडापाव, वीस रुपयांनी, २४० रुपये.

इतिवृत्त वाचून झालं. प्रवेश किती, फी किती, बाकी किती. विषय तिसरा संपता संपता आबांनी चष्मा काढला. त्यांच्या साडूच्या मुलाला ऑफिसात कुठंतरी बसवायचं होतं.

सर वडापावाचा कागद घडी घालत म्हणाले, “बसवू की, आबा. बिंदुनामावली तपासायला पाठवतो. विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षातनं आली की जाहिरात देऊ. त्यात त्यानं अर्ज करावा.”

“किती दिवस लागतील?”

“ते काय आपल्या हातात आहे?”

आबांनी चष्मा परत घातला. त्यांना कळलं होतं, सरांना कळलं होतं की त्यांना कळलं, आणि विषय चौथा सुरू झाला: स्वातंत्र्यदिनाचे झेंडे. त्याच आबांनी २०१६ साली स्वतःची जमीन गहाण टाकून चार खोल्या बांधल्या, हेही इथं सांगितलं पाहिजे. माणूस एकाच रंगाचा नसतो, विशेषतः संस्थाचालक.

सायंकाळी ५.४०

सगळे गेले. केबिनमध्ये सर, हेडक्लार्क आणि कॅल्क्युलेटर. उद्या पगार. हिशेब जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर.

पूर्णवेळ सात शिक्षक, सरासरी चौदा हजार: ९८,०००. तासिकेवरचे बारा, मिळून ५२० तास, दीडशेनं: ७८,०००. ऑफिस, लॅब, ग्रंथालय, शिपाई: ५८,०००. प्राचार्य: ३२,०००. एकूण २,६६,०००.

खात्यात १,९४,३००. आज खिडकीवर तेवीस जणांनी हप्ते भरले: ३४,५००. पाचशेची पावती आणि रद्दी वेगळी ठेवली, ती टँकर आणि टोनरला. हाताशी २,२८,८००.

कमी पडतात ३७,२००.

परीक्षा फीचं खातं वेगळं आहे. त्यात आज लाखाच्या वर रक्कम आहे. क्लार्क त्याचं नाव काढत नाहीत, सर त्या पासबुकाकडं बघत नाहीत. ते विद्यापीठाचे पैसे. दोघं कागदाकडंच बघतात.

सर स्वतःच्या आकड्याभोवती गोल करतात. ३२,०००. बाहेर बाण. मे महिन्यातही असाच बाण होता, मी मागचं पान उलटून बघितलं. मेचे अजून मिळालेले नाहीत.

“राहिले बावन्नशे,” क्लार्क म्हणतात.

“तासिकावाल्यांचं थांबवायचं नाही.”

“न्हाईच. माझे पाच हजार वीस तारखेला घेतो. वरचे दोनशे रद्दीतनं.”

“घरी काय सांगाल?”

“गेल्या वेळी सांगितलं तेच.”

दोघंही हसले नाहीत. क्लार्कनी यादीवर बरोबरच्या खुणा केल्या, सरांनी खाली सही केली. आजची सत्त्याऐंशीवी. हे मी मोजत होतो.

सायंकाळी ६.४५

मुलांचा सायंकाळचा सराव. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सर फावड्यानं खालीवर करतात, पाच मिनिटं. गोळे कुलपात. गेटला कुलूप.

रात्री ९.४०

घर कॉलेजपासून दोन किलोमीटर. पत्रा आणि स्लॅब अर्धा-अर्धा. जेवण झालंय. दिवसा पोर्टल चालत नाही, रात्री गर्दी कमी असते, म्हणून लॅपटॉप ओट्यावर. सकाळी अडकलेले शिष्यवृत्तीचे अर्ज. एकूण ४३. सही करायची चावी लॅपटॉपला, मोबाइल हातात. इथं रेंज आहे. चार, आठ, अकरा. बायको म्हणते, डोळे जातील. सर हो म्हणतात आणि पुढचा अर्ज उघडतात.

सत्ताविसाव्या अर्जाला पत्र्यावर टप टप आवाज आला. मग थोडा जोरात. सर उठून ओट्याच्या कडेला गेले. हात पुढं धरला, तळवा बघितला. मग फोन लावला.

“मामा, मापकाच्या कुंपणाची तार बांधलीय का?”

“बांधलीया, सर. झोपा आता.”